परफ्यूम लावलं होतं का?

मोती स्वाती नक्षत्राच्या पावसाच्या थेंबापासून होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दिल्लीत मी मोत्यांचं काम करते म्हटलं की समोरचा माणूस, मग तो मंत्रालयातला सहसचिव असो की नोएडातला सॉफ्टवेअरवाला, हमखास हेच बोलतो. बोलताना थोडा हसतो, म्हणजे तो अंधश्रद्धाळू नाही हे मला कळावं. आणि मग हळूच विचारतो, "पण त्यात काहीतरी तथ्य असेलच ना?" काहीही नाही. थेंब पडला तरी कालवाला त्याचा पत्ता लागत नाही, ते पाण्याखाली असतं.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला 'मोत्यांच्या दुनियेतले झळाळते अनुभव' मागितले. झळाळते अनुभव माझ्याकडे नाहीत असं नाही. पण लिहायला बसले की एकच प्रसंग पुढे येऊन उभा राहतो आणि डोक्यात तिडीक जाते. तेव्हा तोच लिहिते. त्याआधी धंदा थोडा समजावून सांगायला हवा, नाहीतर मी एवढी का संतापले हे कळणार नाही आणि म्हातारपणी बाई चिडखोर झाली एवढाच निष्कर्ष निघेल. तशी मी तरुणपणीही चिडखोरच होते.

मी वाढले लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील केंद्र सरकारात होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मैत्रिणी शाळांमध्ये लागल्या आणि मला अंदमानातल्या एका बेटावरच्या मोत्यांच्या शेतीवर नोकरी मिळाली. मालक दिल्लीचे, ऑफिस नोएडात, आणि शेती तिकडे पाण्यात. आई म्हणाली, "दिल्लीत जन्म काढून कुणी समुद्राची नोकरी करतं का?" मला पोहताही येत नव्हतं. ते मी मुलाखतीत सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

मोत्यांची शेती म्हणजे काय असते? एक शांत खाडी, तिच्यात बांबूचे आणि ड्रमांचे तराफे, तराफ्यांना दोर, दोरांना जाळीच्या पेट्या आणि पेट्यांमध्ये कालवं. आमची काळ्या ओठांची, म्हणजे शिंपल्याची कड काळी असलेली. त्यांचा मोती पांढरा नसतो. ओल्या पाटीसारखा राखाडी रंग आणि त्यावर हिरवी झाक. या पेट्या पुनःपुन्हा वर काढायच्या, शिंपल्यांवर चिकटलेलं शेवाळ नि खडबडे किडे खरवडायचे आणि परत सोडायच्या. हे काम बेटावरच्या बायका करायच्या. त्यांचे हात कायम चिरलेले असत. पुढे कंपनीने जी सुंदर माहितीपुस्तिका छापली तिच्यात तराफे होते, सूर्यास्त होता, एक परदेशी मॉडेलही होती. त्या बायका नव्हत्या.

मोती तयार होतो तो रोपणाने. कालवाचं तोंड पाचरीने जेमतेम उघडं ठेवायचं, आत बारीक चीर द्यायची आणि तिच्यात शिंपल्यापासूनच बनवलेला एक गोल पांढरा मणी ठेवायचा. त्याला चिकटून दुसऱ्या कालवाच्या मांसाचा एक इवलासा तुकडा ठेवायचा. हा तुकडा जगला तर मण्याभोवती पसरतो आणि त्यावर थरावर थर चढवायला लागतो. ते थर म्हणजे मोती. आत मणी, वर थर. ज्याचा तुकडा घेतला ते कालव मरतं, आणि ज्यात ठेवला त्यांतलीही बरीच मरतात किंवा मणी थुंकून टाकतात. उरलेली समुद्रात टांगायची आणि थांबायचं. निदान दोन पावसाळे तरी जायला हवेत, त्याहून जास्त गेले तर उत्तमच. थांबण्यापलीकडे माणसाला त्यात काही करता येत नाही.

सुरुवातीला रोपणासाठी कंपनीने परदेशी तंत्रज्ञ आणला होता. तो टेबलाभोवती पडदा लावून काम करायचा. मला पडद्याबाहेर बसवून मांसाचे तुकडे कापायला सांगायचा आणि एका फटीतून ते आत घ्यायचा. म्हणजे अर्धी विद्या त्याला मला द्यावीच लागली. उरलेली अर्धी मी स्वतःच्या हाताने कालवं बिघडवून शिकले. पहिला मोती काढला तेव्हा तराफ्यावर बसून रडले होते. तो वाटाण्याएवढा आणि वेडावाकडा होता, पण माझा होता.

गुडघे गेल्यावर मला नोएडाला आणलं. इथे काम निवडीचं. उत्तरेकडची खिडकी, टेबलावर पांढरं कापड आणि मोत्यांचे ढीग. रंग, आकार, डाग, चमक बघायची आणि एकमेकांना शोभतील असे मोती जुळवून सर करायला द्यायचे. मोती ट्यूबलाइटखाली बघायचा नसतो, दिवसाच्या उजेडात बघायचा. थंडीत इथे धुरक्याने आभाळ पिवळं पडलं की आमचं काम ठप्प. धाकट्या साहेबांना, म्हणजे मालकांच्या मुलाला, हे कधी पटलं नाही. ते म्हणायचे, "मैम, लाइट तो लाइट है।"

निवडीच्या टेबलापासून चार पावलांवर कंपनीची शोरूम होती. मधे काचेचं दार. त्यामुळे गिऱ्हाईकं मला दिसायची, ऐकू यायची आणि कधीकधी माझ्याच अंगावर सोडली जायची. एका गृहस्थांना ज्योतिषाने चंद्रासाठी मोती सांगितला होता आणि वर अट घातली होती की तो 'माणसाने न पेरलेला' हवा. मी म्हटलं, तसा मोती हल्ली जुन्या दागिन्यांतच सापडतो, आणि तोही तपासून घ्यावा लागतो. ते म्हणाले, "मग यालाच न पेरलेला म्हणून लिहून द्या ना. चंद्राला काय कळतंय?" ज्याला काही कळत नाही त्याच्यासाठी एवढी खरेदी कशाला, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये अशी मला वारंवार समज दिली जायची.

दुसऱ्या एका बाईंनी मोबाइलवर व्हिडिओ बघून मोती लिंबाच्या रसात टाकला. खरा असेल तर आणखी चमकेल, असं त्यात सांगितलं होतं. बिचारा विरघळायला लागला. बाई वाटी घेऊनच आल्या, म्हणाल्या, "बघा, नकली निघाला." मी त्यांना सांगत राहिले की खरा आहे म्हणूनच तो विरघळला, प्लास्टिकचा असता तर वाटीत जसाच्या तसा राहिला असता. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि जाताना दारावरच्या मुलीला म्हणाल्या की आत एक फार चलाख बाई बसवली आहे.

ही माणसं चालतात. त्यांच्यावर राग धरावा असं काही नाही. लोकांना मोती ठाऊक नसतो आणि तो कुणी सांगतही नाही. राग येतो तो ठाऊक असलेल्यांचा.

थोरले साहेब होते तोवर बरं चाललं होतं. ते बेटावर फोन करायचे, "पक गया क्या?" आम्ही नाही म्हटलं की "ठीक है" म्हणून ठेवून द्यायचे. मोत्याला घाई चालत नाही एवढं त्यांना समजत होतं. ते अंथरुणाला खिळले आणि कारभार धाकट्या साहेबांकडे आला. धाकटे साहेब हुशार, परदेशात शिकलेले, बोलायला गोड. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी पडद्यावर चित्र दाखवून सांगितलं की आपला पैसा दोन-दोन वर्षं पाण्यात लटकतोय. उपाय त्यांनी आधीच शोधला होता. आत मणी मोठा टाकायचा आणि कालवं लवकर उघडायची. मणी मोठा म्हणजे मोती मोठा दिसणार, मग थर कितीका पातळ असेना.

मी म्हटलं, "सर, हा मोती नाही, रंग दिलेला मणी आहे. वर्षा-दोन वर्षांत भोकापाशी साल निघायला लागेल."

ते हसून म्हणाले, "मैम, कस्टमर मिलीमीटर खरीदता है, लेयर नहीं।"

सगळे हसले. मला मात्र अंगाची लाही लाही झाल्यासारखं वाटलं. एकेका कालवाला चीर देऊन, त्यांतली निम्मी मारून जे मिळवायचं ते अर्धवट काढायचं? जे कालव आणखी थांबलं असतं तर खरा मोती देऊन गेलं असतं, ते हिरवं आंबट फळ तोडावं तसं तोडायचं? आणि वर माहितीपुस्तिकेत छापायचं, 'निसर्गाच्या संथ लयीत घडलेला'.

पहिला तसला माल आला तेव्हा मी, रंगासाठी नव्हे तर थर तपासायला, दिव्याखाली एकेक मोती फिरवून पाहिला. पातळ थराचा मोती फिरवला की आतल्या मण्याचे पट्टे वरून चमकून जातात, मोती डोळे मिचकावतोय असं वाटतं. त्या मालातले बहुतेक मिचकावत होते. मी ते वेगळ्या डब्यात काढले आणि निक्षून सांगितलं की याचे सर करायचे नाहीत. दुसऱ्या आठवड्यात डबा जागेवर नव्हता. शोरूमच्या काचेत, निळ्या मखमलीवर, तेच मोती सर होऊन झळकत होते आणि त्यांना पहिल्या दर्जाची चिठ्ठी लावलेली होती. मी भांडले. मला सांगण्यात आलं की निवड माझी आहे, विक्री त्यांची.

मग साली निघायला लागल्या आणि गिऱ्हाईकं परत येऊ लागली. तेव्हा शोरूमच्या मॅनेजर खुराना मॅडम काय करायच्या? सर हातात घ्यायच्या, चेहरा दुःखी करायच्या आणि विचारायच्या, "परफ्यूम लगाया था?"

आता मला सांगा, दागिने घालून लग्नाला निघालेली कोणती बाई परफ्यूम लावत नाही? ती बिचारी म्हणायची, हो, लावलं होतं. की संपलं. "बस मैम, वही तो," असं म्हणत खुराना मॅडम तिच्या हातात एक पत्रक द्यायच्या, मोत्यांची काळजी कशी घ्यावी. बाई स्वतःलाच दोष देत, वर आभार मानून निघून जायची. परफ्यूमने मोत्याची चमक जाते हे खरं आहे, वर्षानुवर्षं फवारलं तर. पण अंड्याच्या टरफलासारखी साल निघत नाही. एक खरी गोष्ट घ्यायची आणि तिच्या आड खोटं बोलायचं, यासारखा नीच प्रकार नाही. काचेच्या दाराआडून मी हे बघायची आणि माझे हात शिवशिवायचे.

एवढं झाल्यावर आता शैलजाताई प्रधान.

शैलजाताई आमच्या लक्ष्मीबाई नगरच्याच. त्यांचे यजमान सरकारी खात्यातून निवृत्त झाले, आता नोएडात मुलाच्या फ्लॅटमध्ये सगळे एकत्र राहतात. मुलगा आयटीत. सून केतकी कोल्हापूरची, इथे एका मीडिया कंपनीत काम करते. लग्नात शैलजाताईंनी सुनेला आमच्या शोरूममधून मोत्यांचा सर घेतला. मला विचारलं असतं तर जुन्या मालातला निवडून दिला असता, पण त्यांना सगळ्यांनाच चकित करायचं होतं. लग्नात त्या सराचं फार कौतुक झालं म्हणे.

त्यानंतर काही महिन्यांनी केतकीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती कोल्हापूरला जाऊन राहिली. तिथे एक मुंजही होती, म्हणून सर बरोबर नेला होता. परत आली. मग गौरींच्या हळदीकुंकवाला तिने तो घातला आणि शैलजाताईंना दिसलं की मोत्यांवर पांढरे चट्टे पडलेत.

त्या सर घेऊन आमच्या शोरूममध्ये आल्या, एकट्याच. मी त्या दिवशी डॉक्टरकडे गेले होते. खुराना मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. शैलजाताईंनी ठामपणे सांगितलं की सुनेला परफ्यूमची ॲलर्जी आहे, ती लावतच नाही. आता आली का पंचाईत? नेहमीचं उत्तर चालेना, तेव्हा खुराना मॅडमनी सर उजेडात धरला आणि म्हणाल्या, "मैडम, ये तो हमारा माल ही नहीं है। कहीं बदल तो नहीं गया?"

बोलून मोकळ्या झाल्या. गिऱ्हाईक टळलं, काखा वर. पण हे एक वाक्य घेऊन शैलजाताई घरी गेल्या.

घरी जाऊन त्यांनी आरडाओरडा केला नाही, तशा त्या नाहीतच. त्यांनी कोल्हापूरला फोन लावला आणि केतकीच्या आईला, मीनाताईंना, अतिशय गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडे चुकून आमचा सर राहून दुसराच तर इकडे आला नाही ना? बघता का जरा?" मीनाताई शाळेत शिक्षिका होत्या, नवरा लवकर गेला, मुलीला एकटीने वाढवलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तुमचं काहीही राहिलेलं नाही." शैलजाताई म्हणाल्या, "अच्छा, अच्छा, सहज विचारलं." त्या सहज विचारण्याला काय म्हणतात ते ज्या बाईला कधी विचारलं गेलं असेल तिलाच कळेल.

केतकीला हे आईकडून समजलं. नवऱ्याला तिने सांगितलं तर तो म्हणाला, "छोडो ना यार, दुसरा घेऊ." त्याला वाटलं प्रश्न सराचा आहे.

मग एके दिवशी केतकी माझ्याकडे आली. मी तिला लग्नात एकदाच भेटले होते. दुपारची वेळ होती, ती ऑफिसमधून मेट्रोने थेट आलेली, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच. पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काकू, हा तुमच्याकडचा आहे की नाही एवढंच सांगा. नसेल तर तसं सांगा. मला खरं हवंय."

मी सर पांढऱ्या कापडावर ठेवला. ओल्या पाटीचा रंग, वर हिरवी झाक, आणि भोकांपाशी उकललेली साल. माझ्याच हाताने मी हे मोती बाजूला काढले होते. मी म्हटलं, "आमचाच आहे. यातला प्रत्येक मोती माझ्या टेबलावरून गेलाय."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "हे तुम्ही आईंसमोर सांगाल?"

"कुणासमोरही सांगेन," मी म्हटलं.

शनिवारी ती शैलजाताईंना घेऊन आली. मी माझ्या टेबलापाशी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. मोठा मणी, पातळ थर, लवकर उघडलेली कालवं. माझा आवाज चढत गेला असणार, कारण काचेचं दार उघडून खुराना मॅडम आत आल्या.

"मैम को गलतफहमी हुई है," त्या शैलजाताईंना म्हणाल्या. "इनकी नज़र अब वैसी नहीं रही।"

माझी नजर! मी उठले आणि खणातून त्या सराचा नंबर लिहिलेली एक पुडी काढली. आमच्याकडे प्रत्येक सरामागे त्याला जुळणारे दोन-तीन मोती राखून ठेवायची रीत आहे. पुढेमागे कुणाला त्याचे कानातले हवे असतात, किंवा एखादा मोती हरवतो. त्या सराचे राखलेले मोती त्या पुडीत होते, कानातल्यासाठी अर्धं भोक पाडलेले. ते कधी कुणाच्या अंगाला लागले नव्हते. मी ते सराशेजारी ठेवले. रंग तोच, झाक तीच, आणि भोकापाशी साल उकलायला लागलेली.

"याला कोणी परफ्यूम लावलं?" मी खुराना मॅडमना विचारलं. मराठीतच विचारलं, त्यांना कळलं. त्या फोन आल्यासारखं करून बाहेर गेल्या.

मला वाटलं, झालं. पण शैलजाताई सर आणि ते सुटे मोती आळीपाळीने बघत होत्या. "दिसतात तर सारखे," त्या म्हणाल्या. "पण वसुधाताई, बाजारात असे सारखे दिसणारे मिळत असतील ना? म्हणजे मी कुणाला काही म्हणत नाहीये."

केतकीचे कान लाल झाले होते. तिने सांगितलं होतं, तिच्या आईने सांगितलं होतं, आता मी सांगत होते. तीन बायकांचा शब्द आणि वर डोळ्यांपुढे मोती, एवढ्यावरही या बाईचं समाधान होईना. मला जवळजवळ खुराना मॅडमपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मोत्याबद्दल शेवटचा पुरावा एकच असतो. तो कापून बघायचा. सरातला कोणताही एक मोती तुम्ही निवडा. तो कापते आणि पुडीतला एक कापते. पण कापलेला परत जोडता येत नाही."

त्या कचरल्या. सरावरून बोट फिरवत राहिल्या. मग टोकाकडचा एक त्यांनी दाखवला, "हा छोटा चालेल ना?"

मी सर उकलला, मोती काढून चिमट्यात बसवला आणि बारीक करवतीने कापायला घेतला. दातांच्या दवाखान्यात दाढ कोरताना येतो तसा वास सुटला. केतकीने तोंड दुसरीकडे वळवलं. मग पुडीतला कापला. चारही अर्धुकं मी भिंगाखाली ओळीत ठेवली आणि त्यांच्या बाजूला मी शिकवण्यासाठी ठेवलेलं जुन्या मालातलं एक अर्धुक ठेवलं. जुन्याचा थर कलिंगडाच्या सालीसारखा जाड, नीट दिसणारा. बाकी चारही अर्धुकांचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा. सरातला कुठला आणि पुडीतला कुठला, हे मी हात लावून सांगितल्याशिवाय त्यांना ओळखता येईना. आतले मणीही एकसारखे.

शैलजाताई बराच वेळ भिंगातून बघत होत्या. "बाई गं," त्या म्हणाल्या. "म्हणजे यांनी फसवलं आपल्याला."

त्यांच्या त्या 'आपल्याला'त केतकीसुद्धा होती. इतक्या सहज आली होती ती.

यानंतर आमच्याकडे धावपळ झाली. धाकटे साहेब वरून खाली आले, हात जोडले, "आंटीजी, हम बदल देंगे," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. त्या महिन्याच्या शेवटी मला घरी बसवलं, पण त्याचं मला काही वाटत नाही, गुडघे दुखतच होते. साहेबांच्या सांगण्यावरून तिथल्या तिथे जुन्या मालातला एक सर आला. तो मी नीट तपासला. चांगला होता, थोरल्या साहेबांच्या वेळचा, दोन पावसाळे समुद्रात राहिलेला. दुसऱ्या कुणाला दाखवताना मला त्याचा अभिमान वाटला असता.

शैलजाताईंचा चेहरा उजळला. त्यांनी सर घेतला, आकडा उघडला आणि केतकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "ये, घालते."

केतकीने गळ्यावर हात ठेवला. "आई, आधी माझ्या आईला फोन करा."

"करू ना, घरी गेल्यावर निवांत करू."

"आत्ता करा. काकूंसमोर करा. तेव्हा तुम्ही फोन करून विचारलं होतंत ना, तसं आता फोन करून सांगा."

आवाज चढवला नव्हता तिने. शैलजाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी सारवासारव करीन म्हणून. मी टेबलावरची अर्धुकं पुसत बसले. शेवटी त्यांनी फोन काढला. केतकीने हात पुढे करून स्पीकर लावला.

"मीनाताई, नमस्कार. शैलजा बोलतेय, दिल्लीहून. चहापाणी झालं का? डोळा कसा आहे आता?"

डोळा बरा होता. कोल्हापुरात पाऊस होता. दिल्लीत नव्हता. शैलजाताईंनी आणखी काही हवापाण्याचं विचारलं, मग घसा साफ केला.

"ते मोत्यांचं बरं का, मिटलं ते. कंपनीचीच गडबड होती. आम्ही सरळ एक मोती कापून बघितला. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

मग मीनाताई म्हणाल्या, "कापून बघितलात."

"हो ना. अगदी पातळ निघाला."

"मी सांगितलं होतं तेव्हा, शैलजाताई. आमच्याकडे तुमचं काही नाही म्हणून."

"हो, बिल्कुल. सांगितलं होतंत."

"मग तेव्हाच माझा शब्द धरला असतात, तर तो मोती तरी वाचला असता."

शैलजाताईंचे ओठ हलले. 'चुकलं' एवढा एक शब्द हवा होता. मी वाट बघत होते, केतकी बघत होती. मला वाटतं कोल्हापुरात त्याही बघत होत्या.

"हॅलो? हॅलो, मीनाताई?" शैलजाताई म्हणाल्या. "आवाज येत नाहीये तुमचा. इथे ना, रेंजच नाही."

रेंज अगदी उत्तम होती. केतकीने त्यांच्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला.

"आई, मी आहे. हो, ऐकलं सगळं. पुढच्या शनिवारी निघतेय मी तिकडे," ती म्हणाली. "नाही, या वेळी इथलं काहीही बरोबर आणणार नाहीये."